काळ्या मुसळीचे फूल : जंगलात शोधण्याची, ओळखण्याची आणि न खणता जपण्याची रीत

मृगाचे चार-सहा चांगले पाऊस होऊन गेले आणि पाचोळ्याला ओला वास सुटला, की सह्याद्रीच्या पानझडी जंगलात जमिनीला अगदी टेकून एक पिवळीधमक चांदणी उमलते. ती रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान असते. तिला उंच दांडा नसतो, त्यामुळे मान वर करून पायवाट तुडवणाऱ्याला ती दिसतच नाही. ही काळी मुसळी. काष्ठौषधींच्या दुकानात तिचा वाळलेला कंद अनेकांनी पाहिलेला असतो, पण जंगलात उमललेले फूल पाहिलेली माणसे फार थोडी, याची मला खरोखर खंत वाटते. ज्या झाडाचे आपल्याला फक्त मूळ ठाऊक असते, त्याला आपण खणायच्या वस्तूपलीकडे काही मानत नाही. म्हणून हे फूल कुठे शोधावे, कसे ओळखावे आणि कंदाला हात न लावता त्याची वाढ कशी करावी, हे इथे क्रमाने सांगत आहे.

आधी थोडी ओळख

काळ्या मुसळीचे शास्त्रीय नाव कुर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योसेफ गेर्टनर यांनी 1788 साली हे नाव प्रसिद्ध केले. गेर्टनर यांचा अभ्यास मुख्यतः फळे आणि बिया यांचा होता, आणि ते या नावातही उमटले आहे: लॅटिनमध्ये ‘कुर्क्युलिओ’ म्हणजे धान्यातला सोंडकिडा, आणि या झाडाच्या फळाला व बीला तशीच चोच असते. आपल्याकडचे नाव कंदावरून आले आहे. कंद मुसळासारखा सरळ आणि दंडगोल असतो, त्याची साल काळपट असते आणि तो जमिनीत उभा खाली उतरतो. संस्कृतात हिला तालमूली म्हणतात, तर केरळात ‘निलप्पना’, म्हणजे जमिनीवरचा ताड. तिथे दशपुष्पांमध्ये, म्हणजे पवित्र मानलेल्या दहा रानवनस्पतींमध्ये तिची गणना होते. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला, त्यातही ती याच मल्याळी नावाने नोंदलेली आहे. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, चीन आणि जपान एवढा तिचा पसारा आहे. असे असूनही आपल्या डोंगरात ती सापडेल त्या ठिकाणी विपुल असतेच असे नाही.

पायरी पहिली : वेळ साधणे

पाऊस सुरू झाल्यावर कंदातून पाने वर येतात आणि त्यांच्याबरोबरच, कधी त्यांच्या थोडे आधी, फुलेही दिसू लागतात. मृग संपून आर्द्रा लागल्यापासून पुढचे पाच-सहा आठवडे, म्हणजे जूनच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ शोधासाठी सर्वांत चांगला. एखादे फूल श्रावणातही भेटते, पण तोपर्यंत तेरडा आणि गवत गुडघ्याएवढे होऊन जमीन झाकून टाकतात आणि मग शोध निम्म्याहून अवघड होतो. पाऊस सलग चार दिवस कोसळत असेल, तर उघडीप पडेपर्यंत थांबणे शहाणपणाचे, कारण झोडपलेली फुले चिखलाने माखून ओळखू येत नाहीत.

दिवसातली वेळही महत्त्वाची आहे. फूल सकाळी उमलते आणि दुपारनंतर मलूल होऊन मिटू लागते. म्हणून सकाळी आठ ते अकरा या वेळात जंगलात असावे. एका झुपक्यात एका वेळी एक-दोनच फुले उघडतात, त्यामुळे आज कळी दिसलेल्या जागी दुसऱ्या सकाळी पुन्हा गेले तर फूल हमखास पाहायला मिळते.

पायरी दुसरी : जागा वाचायला शिकणे

या झाडाचा शोध म्हणजे खरे तर जंगलाच्या जमिनीचा शोध. फूल शोधत फिरण्याऐवजी त्याला मानवणारी जागा आधी हेरावी, मग फूल आपोआप सापडते. काळी मुसळी गर्द, सदाहरित रानाच्या काळोखात सहसा नसते आणि उघड्या, तापणाऱ्या कातळसड्यावरही नसते. तिला या दोहोंच्या मधली, कवडशांची जागा हवी. ऐन, किंजळ, साग, हेद, धावडा, कुंभा अशा पानझडी झाडांचे छत डोक्यावर असावे, पण ते इतके दाट नसावे की सकाळचे ऊन जमिनीपर्यंत पोहोचणारच नाही. कुडा आणि करवंदाच्या जाळ्यांच्या कडेला, जिथे गुरांचे तोंड सहज पोहोचत नाही, तिथे तर थांबून नीट पाहावेच.

जागा योग्य आहे की नाही हे तपासण्याची माझी रीत सोपी आहे. उकिडवे बसावे आणि पाचोळ्याचा वरचा थर काठीने हलकेच बाजूला करावा. वर गेल्या हिवाळ्यातली सागाची किंवा ऐनाची जाळीदार झालेली पाने, त्याखाली ओळख न पटण्याइतपत कुजलेला भुगा, त्यात पांढरे बुरशीचे तंतू आणि त्याखाली भुसभुशीत, निचऱ्याची, तांबूस माती असा क्रम दिसला, तर जागा बरोबर आहे असे समजावे. कंद उभा खाली उतरतो म्हणून त्याला खोल माती लागते, आणि पाणी साचले तर तो कुजतो म्हणून उतार लागतो. त्याच्या मुळांशी बुरशीचे सहजीवनही असते, आणि ती बुरशी न हललेल्या, सेंद्रिय जमिनीतच टिकते. पाचोळा बाजूला केल्यावर लगेच टणक, धुपलेला मुरूम लागला, तर वर छत कितीही छान असो, तिथे वेळ घालवू नये.

शेजारीही खूप काही सांगतात. वळवाच्या सरींनंतर शेवळ जिथे वर येते, रानहळदीची पाने जिथे फुटतात, फोडशीची भाजी खुडायला बायका जिथे जातात, त्या सावलीच्या उतारांवर काळी मुसळी असण्याची शक्यता मोठी. जुन्या देवरायांच्या कडा मला या कामासाठी सर्वांत भरवशाच्या वाटतात, कारण तिथला पाचोळा पिढ्यान्‌पिढ्या कोणी गोळा केलेला नसतो. देवराईत जाण्यापूर्वी गावातल्या जाणत्या माणसाला विचारून जावे. कुठे पायताण काढायचे आणि कुठपर्यंत जायचे याचे नियम गावागणिक वेगळे असतात आणि ते पाळायलाच हवेत. मुंबईकरांना लांब जाण्याची गरज नाही, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पानझडी रानात हे झाड आहे. कोकणपट्टी, घाटाचे उतार आणि विदर्भातली सागाची जंगले इथेही ते आढळते.

एक सावधगिरीची सूचना इथेच देतो, कारण याच पायरीवर लोक निष्काळजी होतात. पावसाळ्याच्या तोंडावर पाचोळ्यात फुरसे हा विषारी साप बसलेला असू शकतो आणि तो पाचोळ्याच्या रंगात अगदी मिसळून जातो. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घालावेत, हात टेकण्यापूर्वी आणि बसण्यापूर्वी काठीने जागा तपासावी, आणि करवंदाच्या जाळीत न पाहता हात घालू नये.

पायरी तिसरी : पानांवरून ओळख

फूल नसतानाही झाड ओळखता यायला हवे, कारण वर्षातले फुलांचे दिवस थोडे असतात. जमिनीतून थेट चार-सहा पाने वर आलेली दिसतात. ती लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, साधारण एक ते अडीच सेंटिमीटर रुंद आणि वीतभर ते हातभर लांब असतात. त्यांच्यावर लांबीच्या दिशेने उभ्या घड्या पडलेल्या असतात, जणू कागदाचा पंखा अर्धवट उघडला आहे. नारळाच्या किंवा शिंदीच्या नुकत्या रुजलेल्या रोपाचे पहिले पान डोळ्यांपुढे आणले की हे पान लगेच लक्षात येते, आणि ‘जमिनीवरचा ताड’ हे नाव किती नेमके आहे तेही पटते.

फसगत इथेच होते. शिंदीचे रोप हाताला कडक व चिवट लागते. मुसळीचे पान मऊ असते आणि त्यावर विरळ, लांब लव असते, जी पान उजेडाकडे तिरके धरल्यास दिसते. घडीदार पानांची काही गवतेही सावलीत वाढतात, पण गवताला पेरे असलेली काडी असते आणि पान काडीला जिथे मिळते तिथे सांधा असतो. मुसळीला जमिनीवर खोडच नसते. काही जमिनीवरच्या आमरींचीही, म्हणजे ऑर्किडांचीही, पाने अशीच घडीची असतात, आणि ‘ऑर्किऑइडिस’ या शब्दाचा अर्थही आमरीसारखी असाच आहे. तिथे मात्र फुलाची वाट पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

सफेद मुसळीशी होणारा घोटाळा केवळ नावाचा आहे. सफेद मुसळी हे अगदी वेगळे झाड आहे: तिची फुले पांढरी, उंच दांड्यावर येतात आणि मुळे बोटांसारखी झुपक्याने असतात. तिच्या शास्त्रीय नावातला ‘बोरिव्हिलियानम’ हा शब्द आपल्या बोरिवलीवरून आला आहे. दोन्ही झाडे एकाच उतारावर नांदताना दिसू शकतात, म्हणून कंद खणून खात्री करण्याचा मोह टाळावा. पाने आणि फूल एवढे पुरेसे आहे.

पायरी चौथी : फुलाजवळ गुडघे टेकणे

हे फूल उभ्याने पाहण्याचे नाही. शेजारची रोपे चिरडणार नाहीत अशा बेताने एक जाड गोणपाट किंवा रबरी चटई अंथरावी आणि त्यावर कोपरे टेकून फुलाच्या पातळीवर यावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असावे. भिंग डोळ्याशी धरून फुलाकडे वाकावे, फूल भिंगाकडे ओढू नये. ओढले तर ते तुटतेच.

समोरून पाहता सहा पाकळ्या दिसतात, सर्व पिवळ्या. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने यातल्या तीन बाहेरच्या आणि तीन आतल्या, पण रंगारूपाने त्या सारख्याच. आता थोडे बाजूला सरकून पाठीमागची बाजू पाहावी. बाहेरच्या तीन पाकळ्यांच्या पाठीवर लव असते, आणि सकाळच्या दवाचे थेंब त्या लवेवर मोत्यांसारखे अडकलेले असतात. मध्यभागी सहा पुंकेसर, लांबट परागकोशांचे. त्यांच्या मधोमध स्त्रीकेसराचे तीन भागांचे टोक. काही फुलांत हे टोक नीट वाढलेले दिसत नाही, कारण एकाच झुपक्यात खालची फुले उभयलिंगी आणि वरची बहुधा केवळ नर असतात. दोन-तीन फुले पाहून हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी टिपावा.

यानंतर या फुलाची सर्वांत नवलाची गोष्ट पाहायची आहे. फुलाखाली जो बारीक, केसाळ देठ दिसतो, त्याच्यावरून नजर हळूहळू खाली न्यावी. तो पानांच्या तळाशी, पानांच्या आवरणांच्या आत शिरतो आणि दिसेनासा होतो. हा देठ नव्हेच. ती बीजकोशाची लांब झालेली चोच आहे, आणि खरा बीजकोश खाली, मातीच्या पातळीशी, पानांच्या आवरणात सुरक्षित बसलेला आहे. केशराच्या फुलाचा बीजकोशही असाच जमिनीखाली राहतो. पाकळ्या वर येऊन उजेडात उघडतात, किडे-माश्यांना बोलावतात आणि दुपारी मिटतात. बी मात्र जमिनीच्या कुशीतच तयार होते. पहिल्यांदा हे पाहिले त्या दिवशी मी बराच वेळ त्या एका झाडाजवळ बसून होतो आणि उठावेसे वाटत नव्हते.

किमान वीस मिनिटे एका फुलाजवळ स्तब्ध बसावे. कोण येते, किती वेळ थांबते, अंगाला पराग लागतो का, एवढेच लिहावे. माश्या, छोट्या मधमाश्या, मुंग्या यांच्यात फरक करता आला नाही, तरी ‘चार मिलिमीटरची, काळी, दोन पंखांची’ असे वर्णन उपयोगी ठरते.

पायरी पाचवी : फळ आणि पानाचे टोक

फुलांचा बहर ओसरल्यावर महिन्याभराने त्याच जागी परत जावे. फळ शोधायचे तर पानांची आवरणे बोटाने अगदी अलगद बाजूला करावी लागतात. ते लांबट, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचे, टोकाला चोच असलेले फळ तिथेच दडलेले असते. त्यात थोड्याच बिया असतात. बी काळी, चकचकीत आणि नागमोडी खाचांनी कोरल्यासारखी दिसते. बघून झाल्यावर आवरणे होती तशी मिटवावीत.

बी आईच्या पायाशीच पडते, म्हणून काळी मुसळी झुपक्यांनी आढळते आणि एकदा नाहीशी झालेल्या उतारावर ती सहजासहजी परत येत नाही. तिच्याजवळ पसरण्याची आणखी एक युक्ती आहे: लांब पान कमानीसारखे वाकून त्याचे टोक ओल्या पाचोळ्याला लागले, की त्या टोकाला कधीकधी मुळे फुटतात आणि तिथे नवे रोप तयार होते. श्रावण-भाद्रपदात पानांची टोके पाचोळ्यात कुठे गेली आहेत ते पाहावे. टोक उचलताना ते जमिनीला धरून आहे असे जाणवले तर लगेच सोडून द्यावे.

पायरी सहावी : नोंद ठेवणे

वहीत दिनांक, वेळ, नक्षत्र किंवा पावसाची स्थिती, डोक्यावरची दोन-तीन मुख्य झाडे, सावलीचा अंदाज, पाचोळ्याची जाडी बोटांच्या पेरांत, झाडांची संख्या आणि त्यांपैकी फुललेली किती, एवढे लिहावे. छायाचित्रे चार घ्यावीत: समोरून फूल, बाजूने लवेसह फूल, पानाचा पृष्ठभाग आणि थोडे मागे सरून संपूर्ण जागा. चौथे छायाचित्र लोक घेत नाहीत, आणि अभ्यासाला तेच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद टाकताना नेमके स्थान जाहीर करू नये, ते झाकण्याची सोय वापरावी. ही भीती कल्पनेतली नाही. ज्या उतारावर मी एका पावसाळ्यात पन्नासहून अधिक झुपके मोजले होते, तिथे पुढच्या वर्षी ओळीने खणलेले खड्डे होते. त्यांतल्या पाण्यात बेडकांची अंडी होती. मुसळीचे एकही पान नव्हते.

पायरी सातवी : जागेची राखण

या फुलाला धोका तीन बाजूंनी आहे. पहिला म्हणजे कंद खणणे. औषधासाठी कंदच लागतो, म्हणून झाड पुरते नष्ट होते. उभा कंद खोल असल्यामुळे खड्डाही खोल जातो आणि भोवतालची रोपेही उखडतात. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून परवानगीवाचून वनस्पती काढण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार बंदी आहे. दुसरीकडे, 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासी व पारंपरिक वननिवासींना गौण वनोपजावर हक्क दिलेला आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून कंद विकून चार पैसे मिळवणाऱ्या माणसावर बोट दाखवण्यात अर्थ नाही. बी पडून झाल्यावर काढणे, कंदाचा वरचा, कोंबाचा भाग तोडून पुन्हा त्याच खड्ड्यात पुरणे आणि खड्डा पाचोळ्याने बुजवणे एवढे पाळले गेले तरी उतार टिकतो. ग्रामसभेत हा विषय बोलता येतो आणि बोलावा.

दुसरा धोका वणव्याचा. कंद जमिनीत असल्याने झाड एखाद्या वणव्यातून वाचते, पण पाचोळ्याचा थर आणि वरच पडलेली बी जळते, आणि दरवर्षी आग लागली तर जमीन उघडी पडून धुपते. गाव होळीच्या आधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढत असेल तर त्या श्रमदानात जरूर सामील व्हावे. तिसरा धोका राबासाठी पाचोळा खरवडून नेण्याचा. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजणे ही जुनी रीत आहे आणि शेतकऱ्याची गरजही. तरी मुसळी, शेवळ, आमरी असलेले तुकडे वगळून बाकीच्या रानातून पाचोळा नेण्याची समजूत बसवता येते.

पायरी आठवी : कुंडीत वाढवणे

जंगलातून झाड आणायचे नाही, हे गृहीत धरूनच पुढे जावे. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेतून, लागवडीतले आहे अशी खात्री करून रोप किंवा कंद घ्यावा. कुंडी उथळ नको; किमान फूटभर खोल आणि तळाला चांगली छिद्रे असलेली हवी. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर दोन भाग पालापाचोळ्याचे खत, एक भाग तांबडी माती आणि एक भाग जाडसर वाळू यांचे मिश्रण भरावे. शेणखत भरपूर घालण्याची सवय इथे आवरावी, कारण ताज्या खताने कंद कुजतो.

कंद लावायचा तर मृगाच्या सुमारास दोन सेंटिमीटरचा, डोळा असलेला तुकडा डोळा वर करून दोन-तीन सेंटिमीटर खोल ठेवावा. कापलेल्या तोंडाला राख लावून एक दिवस सावलीत सुकवल्यास सड कमी होते. पुढच्या पावसाळ्यात झाड मजबूत झाले की पानाचे एक लांब टोक शेजारच्या लहान कुंडीतल्या ओल्या पालामातीवर वाकवून ठेवावे आणि वर छोटा दगड ठेवावा. मूळ धरल्यावरच पान कापावे. बियांपासूनही रोपे होतात, पण बी सावकाश आणि थोडीच रुजते. पिकलेली बी ताजी असतानाच पेरावी आणि पेरलेली कुंडी पुढचा पावसाळा संपेपर्यंत टाकून देऊ नये.

कुंडी झाडाखाली किंवा पूर्वेच्या खिडकीत, जिथे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारचे लागत नाही, तिथे ठेवावी. मातीवर वाळलेल्या पानांचा बोटभर थर कायम असावा. दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्यावे आणि ती पूर्ण सुकल्यावर जवळजवळ थांबवावे. या काळात कुंडीत काहीच दिसत नाही, आणि घरातले कोणीतरी ती रिकामी समजून त्यात मिरचीचे रोप लावते. म्हणून कुंडीवर नाव आणि ‘जूनपर्यंत हात लावू नये’ अशी ठळक चिठ्ठी लावून ठेवावी.